टांगलेला चेंडू

८ जानेवारी

ज्या दयाघनाने मातीच्या या देहात श्वास घातला आणि त्या श्वासाला शब्द दिला, त्याच्या चरणी मस्तक ठेवून हे पत्र आरंभितो. त्याची कृपा असेल तर हात थरथरला तरी अर्थ थरथरणार नाही.

चि. सौ. सूनबाई हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू घर सोडल्यानंतरचे माझे हे पहिलेच पत्र. या घरातून आलेला फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कागद निदान अंगावर धावून येत नाही.

विषय असा, की फुटबॉल क्लबाने तुझ्या नवऱ्याच्या सन्मानार्थ मार्चच्या पहिल्या रविवारी एक सामना योजला आहे. चिटणीस स्वतः घरी येऊन सांगून गेले. खेळ सुरू होण्यापूर्वी चिरंजीवांनी हाताने चेंडू उंच फेकायचा आणि त्यांच्या लेकीने, आपल्या ठिणगीने, तो डोक्याने जाळ्यात मारायचा, असा बेत आहे. "घणाची पोर आहे, पायाने मारून कसं चालेल?" असे म्हणून ते बराच वेळ हसले. बचावफळीत उभा राहून समोरून येणारा प्रत्येक उंच चेंडू कपाळाने परतवणाऱ्या आपल्या माणसाला लोकांनी घण हे नाव दिले, ते त्यांच्या अजून तोंडात आहे. याचे मला समाधान वाटले, हे लपवीत नाही. पोरीला घेऊन ये. दोन दिवस राहा. मग जा.

तो आता शांत आहे. कसा शांत झाला ते सांगतो. दिवाणखान्यात येरझाऱ्या घालताना तो कपाळ पुढे करून थबकत असे, जणू कुठून तरी चेंडू यायचा राहिला आहे. मला वाटले, याचा देह काही मागतो आहे. माळ्यावरचा त्याचा जुना चेंडू काढला, शेजारच्या वेल्डरला हाक मारली आणि परसातल्या आडव्या लोखंडी पाइपाला तो दोरीने टांगला. वेल्डर म्हणाला, "आजोबा, पाइप माझा, गाठ तुमची. चेंडू सुटून माझ्या खिडकीत आला तर देवाला मध्ये आणायचं नाही." त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ परसातून धप्, धप् असा आवाज येतो. तो आवाज चालू असला की मी पोथी उघडतो. आवाज थांबला की तो घामाघूम होऊन आत येतो, जेवतो आणि गाढ झोपतो. आहत नादातून अनाहत शांती मिळते, असा अर्थ मी मनाशी लावला आहे.

अक्षर वाकडे दिसेल. न्हाणीत पाय घसरून उजवे मनगट दुखावले, म्हणून डाव्या हाताने लिहितो आहे. स्वयंपाकघरातील कपाटांची दारे काढून ठेवली आहेत, त्यामुळे भांडी शोधावी लागत नाहीत. दिवाणखान्यातला आरसा आता नाही. या वयात मला आरशाचे काय काम?

ठिणगीच्या मस्तकावर माझा हात.

तुझा मामंजी


२६ जानेवारी

चि. सौ. सूनबाई हीस आशीर्वाद.

तुझे पत्र आले. तू लिहितेस, "तुमचं मनगट न्हाणीत घसरून मोडलं असेल, तर माझा जबडाही दारावर आपटूनच मोडला होता, मामंजी." हे वाक्य मी पुन्हा वाचले नाही, त्याची गरज नव्हती. इस्पितळातल्या टेबलाशी दाराची ती गोष्ट मीच सांगितली होती आणि तू तारेने बांधलेल्या दातांआडून मान हलवली होतीस. हाडांच्या दवाखान्यात रोज प्लास्टर घालणाऱ्या बाईला फसवू पाहावे, इतका मी आता भोळा झालो आहे की लबाड, ते भगवंत जाणे.

तर जे घडले ते असे. तो चहा कडू झाला म्हणाला. दुसरा देतो म्हणून मी कप उचलायला हात पुढे केला. त्याने ते मनगट दोन्ही हातांनी धरले आणि ओला टॉवेल पिळावा तसे पिळले. हाड मोडल्याचा आवाज झाला. त्या आवाजाने तोच दचकला. मी खाली बसलो तसा तोही माझ्याजवळ बसला, माझा लोंबता हात मांडीवर घेऊन रडू लागला. "कुणी मारलं तुम्हाला, बाबा? नाव सांगा फक्त. सोडत नाही त्याला." मी कोणाचे नाव सांगणार होतो?

त्या चेंडूवरून तू मला रागावली आहेस. तुझ्या शब्दांत, मी आजाऱ्याला त्याच्या आजाराचाच काढा पाजतो आहे. हे मला पटेना. चेंडू तो केवढा, आत नुसती हवा; आणि हा तर हाडापेराने दणकट. तेव्हा मी त्याला घेऊन मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. शास्त्रार्थाच्या तयारीनेच गेलो, म्हण ना.

बाईंनी त्याच्या मेंदूची छायाचित्रे उजेडाच्या काचेवर लावली. म्हणाल्या, "आजोबा, चेंडू लागतो तेव्हा कवटी थांबते. आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो आत हिंदकळतो, ताणला जातो."

मी विचारले, "असंख्य लोक डोक्याने खेळतात. ते सगळे का पिसाळतात?"

"नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. कुणाला होतं, कुणाला नाही, किती धक्क्यांनी होतं, हे आम्हाला अजून पुरतं ठाऊक नाही. ह्यांच्या डोक्यात नेमकं काय झालंय तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मेंदू आक्रसलाय, तो हा इथे दिसतोय. आणि आयुष्यभर ह्यांनी काय केलं ते तुम्हीच सांगताय."

"पण मैदानावर तो एकदाही बेशुद्ध पडला नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"पडले असते तर बरं झालं असतं. कुणीतरी बाहेर बसवलं असतं." बाईंनी दिवा बंद केला. "आता एकही धक्का नको. एकही."

आपल्या शास्त्रकारांनी मस्तकाला उत्तमांग म्हटले आहे. सर्व अवयवांत ते श्रेष्ठ, म्हणून आपण ते फक्त देवापुढे आणि वडिलांपुढे नमवायचे. ज्या अंगाने नमन करायचे त्याच अंगाने घाव झेलताना याला पाहून मी वर्षानुवर्षे टाळ्या वाजवल्या आणि यात कुठे विसंगती आहे हे एका बाईला काचेवर दाखवावे लागले.

एक गोष्ट मात्र मी बाईंना सांगितली नाही. परसातला चेंडू अजून तिथेच आहे. तो काढला तर सामन्यापर्यंतचे दिवस या घरात कसे काढायचे, हे मला कळत नाही. सामना होऊन जाऊ दे. मग उतरवतो.

तुम्ही येणार ना? तो रोज विचारतो.

तुझा मामंजी


१४ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हीस आशीर्वाद.

तुझ्या पाकिटात ठिणगीची चिठ्ठी निघाली. लिहिते, "आजोबा, माझं हेडिंग बाबांसारखं आहे असं आमचे सर म्हणतात. बाकीच्या मुली डोळे मिटतात, मी मिटत नाही. मी रोज जिन्याखालच्या भिंतीवर प्रॅक्टिस करते. आई ओरडते. तुम्ही आईला सांगा." चिठ्ठी वाचून प्रथम माझा ऊर भरून आला. नंतर परसातून धप् असा आवाज आला आणि तो भरलेला ऊर तसाच थिजला.

उठलो, भाजीची सुरी घेतली आणि त्याच्यासमोर दोरी कापली. चेंडू घरंगळत नळापाशी गेला. तो उचलून मी कोठीत ठेवला आणि कुलूप लावले.

दुपारपर्यंत तो तुटक्या दोरीखाली उभा होता. मी जेवायला हाक मारली. तो म्हणाला, "कॉर्नर आहे. जागा सोडता येत नाही." मग कुणी न मारलेला चेंडू आला असावा. त्याने उडी घेतली आणि कपाळ त्या लोखंडी पाइपावर मारले. एकदा नव्हे. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, तर माझ्यासकट त्याने उडी घेतली. पुढे तो न्हाणीच्या भिंतीकडे वळला. चुना रक्ताने चिकट झाला, भिवईचे कातडे फाटून डोळ्यावर लोंबू लागले, तरी त्याच्या तोंडातून वेदनेचा हुंकार नाही. गर्दी जे ओरडायची तेच शब्द तो स्वतःला ओरडत होता. "घण! घाल! घण! घाल!"

वेल्डर भिंतीवरून उडी टाकून आला. त्याने मागून काखांत हात घालून धरले. चिरंजीवांनी डोके मागे झटकले आणि वेल्डरचे नाक चेहऱ्यात बसले. तशाही स्थितीत, रक्त गिळत, तो मला म्हणाला, "आजोबा, चेंडू! आधी चेंडू द्या, नाहीतर आपण दोघंही जाळ्यात!" मी कुलूप उघडले, दोरीला गाठ मारली, चेंडू टांगला. धप्. धप्. पाचव्या-सहाव्या धडकेला त्याचे खांदे खाली आले. टाके घालून घ्यायला बसला तेव्हा तो कोकरासारखा होता. वेल्डरकडे पाहून कळवळून म्हणाला, "अरेरे, तुला कुणी रे मारलं?"

वेल्डर नाकावर बर्फ धरून म्हणाला, "तुमच्याच संघातल्या एकानं. नाव सांगत नाही, नाहीतर पुन्हा भांडण."

मीच दोरी कापली आणि मीच बांधली, सूनबाई. आता तो प्रत्येक धडक देतो तेव्हा बाईंचा आवाज माझ्या कानात येतो. मी पोथी उघडतो, पण ओळ पुढे सरकत नाही.

तरीही मागणे मागतोच. काल संध्याकाळी तो पायरीवर बसला होता. एकदम म्हणाला, "ठिणगीच्या पुढच्या दाताला फट आहे ना, बाबा? हसली की छान दिसते." इतके स्पष्ट, इतके पूर्वीसारखे. तुम्ही गेल्याचे त्याला आठवत नाही; ती शाळेत गेली आहे असेच त्याला वाटते. त्या दिवशी मैदानावर लोक असतील, चिटणीस असतील, मी असेन. तू लांब बस. पोरीने एकदा चेंडू मारावा, त्याने एकदा तिला पाहावे. या पलीकडे मी काही मागत नाही.

तुझा मामंजी


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

आज आशीर्वादाचा मायना नाही. येऊ नकोस. ठिणगीला आणू नकोस. तिकिटे काढली असलीस तर फाडून टाक.

पोस्टाचा भरवसा नाही आणि फोन तू उचलणार नाहीस, म्हणून हे पत्र वेल्डरबरोबर पाठवतो आहे. तो मालाच्या ट्रकने तुमच्याकडच्या बाजूला निघाला आहे. नाकाला पट्टी असलेला माणूस दारात आला तर घाबरू नकोस. तो भला माणूस आहे.

आज सकाळी मैदानावर सराव होता. ठिणगीच्या जागी उभी राहायला चिटणिसांनी क्लबाच्या मुलींच्या संघातली एक पोर आणली होती. ठिणगीच्याच वयाची, वेण्या वर बांधलेली, हसरी. चिरंजीवांना क्लबाचा जुना सदरा घातला होता. ते इतके रुबाबदार दिसत होते, की मी डोळे पुसले.

चिटणीस म्हणाले, "चला घणराव, अलगद फेका हं. लेकरू आहे."

त्याने चेंडू अलगदच फेकला. सुरेख फेकला. पोरीने उडी मारून कपाळाने तो जाळ्यात घातला आणि दोन्ही हात वर केले.

गोल झाला होता, सूनबाई. त्याच्या राखणीत गोल झाला होता.

त्याच्या चेहऱ्यावरून ओळख कशी निघून गेली, ते मी पाहिले. दिवा मालवावा तशी गेली. तो धावला. पोर हात वर करून त्याच्याकडेच हसत होती, शाबासकी मिळेल म्हणून. त्याचे कपाळ तिच्या भिवईवर बसले. तो आवाज मी दोन महिने परसातून ऐकत आलो आहे. फक्त या वेळी पलीकडे हवा नव्हती. ती मागे पडली, पडताना तिचे डोके जमिनीवर आपटले. तो तिच्या अंगावर वाकत होता. चिटणीस मध्ये पडले तर त्यांच्या छातीत गुडघा घातला. मी कोपऱ्यावरच्या झेंड्याची काठी उपटली आणि माझ्या लेकाच्या पाठीवर, मानेवर, जमेल तिथे मारत राहिलो. आयुष्यभर अहिंसेवर बोललेला मी, तोंडाने नाम आणि हाताने काठी. काठी मोडली तेव्हा तो वळला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही मैदानात कशाला आलात? लागेल ना."

पोर शुद्धीवर आहे. भिवई शिवली आहे, उलट्या थांबल्या आहेत, इस्पितळात लक्ष ठेवून आहेत. तिची आई मला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं का हा असा आहे?"

मी म्हणालो, "होतं."

ती पाठ फिरवून पोरीच्या खाटेकडे गेली. तिने थोबाडीत मारली असती तर मी तिचे पाय धरले असते.

चेंडूने तो शांत होतो, असे मी तुला लिहीत होतो. तो शांत होत नव्हता. रोज थोडा थोडा विझत होता आणि त्या काळोखाला मी शांती म्हणत होतो. तिथे ठिणगी असती. दोन्ही हात वर करून, डोळे न मिटता, बापाकडे पाहत उभी असती.

येऊ नकोस.


१५ मार्च

ज्याच्या कृपेचा हात दिसत नाही, पण काढून घेतला तर कळतो, त्या कृपाळूला वंदन.

चि. सौ. सूनबाई हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वेल्डर परत आला. तू त्याला जेवू घातलेस आणि नाकाची पट्टीही बदलून दिलीस. "आजोबा, तुमची सून पट्टी इतकी घट्ट बांधते, की माणूस खोटं बोलायला तोंड उघडत नाही," असे तो सांगत होता. ठिणगी तुझ्याशी दोन दिवस बोलत नव्हती, हेही त्याच्याकडूनच कळले.

सामना झाला. आमच्यावाचून झाला. चिटणीस फासळ्या धरून आले होते. म्हणाले, "नाव तर त्याचंच ठेवलं होतं, शिट्टीही त्याच्याच नावाने फुंकली." मी त्यांना एवढेच सांगितले, की पुढल्या वर्षी त्याच्या नावाने काही करायचे असेल तर लहान मुलांच्या सरावातून हेडर काढून टाका. ते म्हणाले, "मग खेळात राहिलं काय?" मी म्हणालो, "पाय." त्यांनी होकार दिला नाही. पण ते हसलेही नाहीत.

ती पोर घरी गेली. मी रोज चौकशीला जातो. तिची आई दार उघडते, "बरी आहे" म्हणते आणि दार लावते. ते तेवढेच माझे आहे, अधिक मागण्याचा मला अधिकार नाही.

चिरंजीवांना इस्पितळात ठेवले आहे. डॉक्टरीणबाईंना मी सर्व सांगितले, परसातला चेंडूही. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही एकटे होतात," एवढेच म्हणाल्या आणि मला ते रागावण्यापेक्षा जड गेले. खोलीच्या भिंतींना गाद्या आहेत. दोन दांडगे सेवक आहेत; एकाचा अंगठा याने पहिल्याच दिवशी निखळवला. औषधे चालू आहेत. तो परत पूर्वीसारखा होणार नाही, हे बाईंनी न विचारता सांगितले. म्हणून आता स्पष्ट लिहितो. तू परत यावेस असे मी कधीही लिहिणार नाही. तुझ्या जबड्याबद्दल इस्पितळात सांगितलेली दाराची गोष्ट मी तिथल्याच टेबलाशी जाऊन दुरुस्त केली. कागदावर आता खरे आहे.

घरी आल्यावर वेल्डरने तो आडवा पाइप कापून काढला. ठिणग्या उडत होत्या आणि मी पाहत उभा होतो. चेंडूतली हवा मी स्वतः सोडली. ती सुटतानाचा आवाज फार बारीक होता.

काल मी त्याच्या खोलीत बसलो होतो. सेवक दारात होते. तो उठला, माझ्यासमोर आला आणि कपाळ पुढे करून थबकला. तोच जुना पवित्रा. सेवक पुढे सरसावले. मी त्यांना हातानेच थांबवले. प्लास्टर परवाच निघाले आहे, मनगटाची कातडी अजून पांढरी आहे. मी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून त्याच्या कपाळासमोर धरले. त्याने धडक दिली. पहिल्या धडकेला माझी करंगळी मोडली. मी हात काढला नाही, मात्र धडकेबरोबर मागे नेला, लाटेबरोबर होडी जावी तसा, म्हणजे त्याला टणक काही लागू नये. दुसरी धडक हलकी होती. तिसऱ्या वेळी त्याने कपाळ तळव्यांवर नुसते टेकवले आणि तसेच ठेवले.

"बाबा," तो म्हणाला, "ह्यात हवा कमी आहे."

"हो रे," मी म्हणालो. "जुना झालाय."

तो हसला. बराच वेळ त्याचे डोके माझ्या हातात होते. त्याच्या जन्मानंतर ते इतका वेळ माझ्या हातात बहुधा प्रथमच राहिले असेल.

बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी मला पुन्हा असे करायचे नाही म्हणून बजावले. मी करणार नाही. एकदा मिळाले, पुरे.

ठिणगीला हे पत्र वाचून दाखव. लपवू नकोस; या घरात लपवणे फार झाले. तिला सांग, की आजोबा आईच्याच बाजूचे आहेत. बेटा, खेळ. धाव, पड, गुडघे फोड, पायाने गोल मार आणि दोन्ही हात वर कर. मात्र उंच चेंडू आला तर त्याला खाली येऊ दे. तू डोळे मिटत नाहीस, हे मला ठाऊक आहे. डोळे उघडे ठेवूनच बाजूला हो. ते डोके तुला मारायला दिलेले नाही. तुझा बाप दाताची फट विसरेल तेव्हा ती आठवायला कुणीतरी हवे.

आता थांबतो. करंगळी दुखते आहे.

हे पत्र तुझ्या हाती पडो वा आणखी कोणाच्या, ज्या ज्या डोळ्यांखालून ते जाईल त्या सर्वांच्या मस्तकावर त्या कृपाळूचा मऊ हात राहो. कोणाचेही कपाळ कोणाच्या टाळ्यांसाठी फुटू नये. ज्यांची ओळख मालवली आहे त्यांच्यापाशी बसणारे कोणीतरी असो आणि जे जीव वाचवून दूर गेले आहेत त्यांना गाढ झोप लागो.

सर्वांचे कल्याण चिंतणारा,
ठिणगीचा आजोबा